सातव्या मैलाची गेजवही

१५ मे १९९५, सोमवार

आज यांचा तेरावा झाला. डिंडोलीहून जयश्री आणि जावई नितीन आले होते. चौथ्या मैलाच्या चौकीवरचा रघुनाथ आला. शेतकऱ्यांपैकी फक्त डाह्याभाई आले. चौदा माणसं जेवली. तीन वाजता सगळे गेले. भांडी घासून पालथी घातली.

ही वही जयश्रीची शाळेतली आहे. अर्धी कोरी आहे. एकोणतीस वर्षं मी रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला एक वही लिहीत आले. ती गेजवही डेप्युटी साहेब ३ तारखेला घेऊन गेले. वेळ झाली की हात लिहायला मागतो, म्हणून ही काढली.

लिहायचंच तर सगळं लिहावं. हे, म्हणजे माझे मालक चिंधा सुकदेव पाटील, इथे सुरतेकडच्या पाटाच्या सातव्या मैलावर पाटकरी होते. इथलं गेट, गेटची विटांची कोठी आणि ही दोन खोल्यांची चौकी एवढं आमच्या ताब्यात. गेट चढवायचं-उतरवायचं, भाताला पाळीप्रमाणे पाणी सोडायचं, बांध पाहायचा, आणि पाण्यातल्या पट्टीवर पाणी किती चढलं ते दोन वेळा वहीत लिहायचं. त्यालाच गेज म्हणतात. यांना सहीपुरतं अक्षर यायचं, त्यापलीकडे नाही. मी शहाद्याला सातवी फायनल झालेली. हे नोकरीला लागले तेव्हा गेज बघून आले, उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "मी सांगस, तू लिख." तेव्हापासून तसंच. वही गुजरातीत लिहावी लागे. अक्षरं मी गावच्या मास्तरांच्या बायकोकडून शिकले, पण मराठीची सवय सुटली नाही. गुजरातीत अक्षरावर रेघ नसते, मी प्रत्येक शब्दावर ती ओढते. एकाही साहेबाने कधी विचारलं नाही. वही भरलेली आहे ना, एवढंच पाहायचे.

बांधावरून हे अनवाणी चालायचे. पावसाळ्यातही. म्हणायचे, "बांध वल्ला शे का कोरडा, ते पायले समजस." खेकड्याचं बीळ, घुशीचं बीळ पायाने सापडायचं. तिथे पेंढा आणि चिकणमाती टाकून टाचेने ठोकायचे. बाभळीजवळचा बांध तीन वर्षं पाझरत होता. शेऱ्याच्या रकान्यात मी अकरा वेळा लिहिलं आहे. अकरा वेळा. कोणी कुदळ घेऊन आलं नाही.

३ मे रोजी पहाटे बांध तिथेच फुटला. आदल्या दिवशी आखाजी होती, अक्षय्य तृतीयेचा सण. मी जयश्रीकडे गेले होते.

आणखी लिहवत नाही.

१७ मे

गावातल्या दुकानात तेल आणायला गेले. दोन बायका माझ्याकडे पाहून गप्प झाल्या. दुकानदार म्हणाला, "बेन, सगळे म्हणतात चिंधाभाई आखाजीचं जेवून झोपला होता."

मी तेल न घेता परत आले.

झोपला होता! झोपलेला माणूस चौकीचं दार उखडून फुटलेल्या बांधाच्या गाबड्यात आडवं लावतो का? बाज, पेंढ्या, माझ्या दोन गोधड्या, सगळं त्यांनी त्या गाबड्यात घातलं. दार अजून नाही, मी पोतं टांगलं आहे. ते स्वतः दीड मैल खाली रस्त्याखालच्या मोरीत सापडले. चाळीस बिघे भात लोळलं, लोंब्या भरत आल्या होत्या, हे मलाही दिसतं. पण याच माणसाने एकोणतीस वर्षं गावची भातं वाचवली, ते कोणाच्या तोंडी नाही. तेराव्याला डाह्याभाई तेवढं म्हणाले, "ऊंघी गया एवुं हुं नथी मानतो." झोपले असं मी मानत नाही. एका माणसाने म्हटलं.

रघुनाथ मात्र पानावर बसून भात चिवडत होता. जाताना पोत्याआड थांबला आणि म्हणाला, "वहिनी, चौकशी होईल. वही हातात घेऊन वाचा. दुसऱ्याच्या हातातली वाचू नका." हा काय बोलण्याचा प्रकार? जी वही मी लिहिली ती मला वाचायला सांगतो.

१९ मे, शुक्रवार

खात्याची नोटीस आली. शिपायाने सायकलवरून न उतरताच दिली. पूर्वी हाच इथे बसून खापरावरच्या पुरणपोळ्या खाऊन गेला आहे.

नोटिशीत आहे की २ मे रोजी संध्याकाळी मयत पाटकऱ्याने वरिष्ठांच्या परवानगीशिवाय गेट पूर्ण उघडलं आणि रात्री बांधावर लक्ष ठेवलं नाही. २४ तारखेला वारसाने हजर राहावं.

परवानगीशिवाय! हे विचारल्याशिवाय गेटचा एक आटासुद्धा फिरवत नसत. गेज साडेचारच्या वर गेलं की बाभळीजवळचा बांध धरत नाही, हे त्यांच्यापेक्षा कोणाला ठाऊक? पलसाण्याकडच्या रंगाच्या मिलने पाटाच्या शेवटी पंप बसवले, तेव्हापासून खालच्या भातांना पाणी पुरत नव्हतं. रोज कोणीतरी येऊन शिव्या देई. तरी यांनी गेट जास्त चढवलं नाही. म्हणायचे, "शिव्यासनी बांध फुटत नही."

मी नसताना हे घडलं, याचा जास्त राग येतो. इतक्या वर्षांत मी एक रात्र बाहेर राहिले नाही, कारण सकाळचं गेज कोण लिहिणार? माहेरी सकाळी जाऊन संध्याकाळी परत. जयश्रीला सातवा महिना आहे, तिला आखाजीला इकडे येता येईना. मी पोळ्या आणि आंबे देऊन लगेच फिरणार होते. यांनीच या वेळी आग्रह केला, "जाय, दोन दिन ऱ्हाय. वही मी देखी लिसू." मला वाटलं आकडे डोक्यात ठेवतील, मी आल्यावर लिहीन. पूर्वी एकदा मला ताप होता, तेव्हा तसं केलं होतं.

परत आले तेव्हा पितरांची घागर यांनी भरून ठेवलेली होती. वर आंबा, खरबूज, सगळं रीतीप्रमाणे. पुढच्या आखाजीला त्या घागरीत यांचंच पाणी.

२४ मे, बुधवार

सकाळी नितीनबरोबर ऑफिसात गेले. अकराला बोलावलं होतं, दीडला आत घेतलं. डेप्युटी साहेब आणि एक कारकून. साहेब गुजरातीत बोलत होते, मी माझ्या भाषेत उतरवते.

साहेबांनी गेजवही उघडली. मी हात पुढे केला. ते म्हणाले, "ना बेन, आता हा पुरावा आहे. हात लावायचा नाही." त्यांनी वही उभी धरून मला दाखवली. एक पंजा पानाच्या उजव्या बाजूवर पसरलेला होता. बोटात लाल खड्याची अंगठी. १ मेची सकाळ माझ्या अक्षरात, मधल्या दोन वेळा कोऱ्या. त्याखाली २ मे, संध्याकाळ ५, गेज ५.१, गेट पूर्ण.

ते अक्षर माझं नव्हतं. मोठं, वाकडं, पहिलीतल्या पोराचं वाटावं असं. आणि लबाडी किती, तर शब्दांवर माझ्यासारखी रेघसुद्धा ओढली होती! माझ्या अंगाची आग झाली.

साहेबांनी विचारलं, "हे चिंधानेच लिहिलं ना?"

मी म्हटलं, "नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं."

नितीनने माझा पदर ओढला. मी ओढू दिला.

साहेबांनी चष्मा काढला. "येत नव्हतं? मग एवढी वर्षं वही कोण लिहीत होतं?"

"मी."

"आणि हे?"

"मला काय विचारता साहेब? वही तुमच्या कपाटात होती. पानांवर नंबर आणि शिक्के आहेत, पान फाडता आलं नसेल, म्हणून कोणीतरी लिहून घातलं."

मला वाटलं आता ओरडतील. पण ते रागावलेच नाहीत. आवाज उलट मऊ झाला. "म्हणजे ही नोंद बनावट आहे, असं तुमचं म्हणणं?"

"हो."

"फक्त आकडे, की पूर्ण नोंद?"

"पूर्ण. त्या दिवसाचं पानावर जे काही आहे ते सगळं खोटं."

कारकुनाने लिहायचं थांबून माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. साहेब म्हणाले, "लिहा, लिहा. जसं बेन सांगते तसंच." मी वाचून सही केली. नंतर साहेबांनी चहा मागवला. या ऑफिसात यांना एकोणतीस वर्षांत कोणी खुर्ची दिली नाही. मी चहा प्यायले. खरं बोललं की माणूस नरमतो.

बाहेर आल्यावर नितीन म्हणाला, "मामी, मी घाबरलो होतो. पण साहेब सज्जन निघाला."

२७ मे

जबाब दिल्यापासून मन थोडं हलकं आहे. चौकी झाडली. यांचे कपडे धुतले. सदऱ्याच्या बाहीला काळे डाग आहेत, ते निघत नाहीत. हिवाळ्यापासून यांची बोटं काळी असायची. ग्रीस आहे म्हणायचे. ग्रीसचा डाग तेलकट असतो, हा कोरडा आहे. चुलीतले कोळसेही कमी व्हायचे, मी शेजारच्या वस्तीवरच्या बायकांवर संशय घेतला होता.

संध्याकाळी गेटवर जायचे ते दिवे लागले तरी परत येत नसत. मी भांडायचे. एवढं काय आहे त्या कोठीत? म्हणायचे, "गेट सोबत बोलस."

२ जून, शुक्रवार

निकालाचा कागद आला. दोन वेळा वाचला.

"मयताच्या पत्नीच्या जबाबावरून २ मेची नोंद बनावट ठरते. सबब गेट उघडण्याबाबत तोंडी हुकूम मिळाल्याचा कोणताही पुरावा राहत नाही. मयत चिंधा सुकदेव पाटील हा एकटा जबाबदार. मयत निरक्षर असून त्याने खात्याची फसवणूक केली, हेही सिद्ध." चौकी दहा दिवसांत खाली करावी.

माझ्या जबाबावरून! मी त्यांना वाचवायला गेले आणि माझ्याच सहीने त्यांना चोर केलं. नमकहराम आहेत सगळे. मी खोटं उघड केलं, तर खोटं करणाऱ्याला शोधायचं सोडून यांनाच धरलं.

एक गोष्ट समजत नाही. तोंडी हुकमाचा विषय कुठून आला? मी तर तो काढलाच नव्हता.

६ जून, मंगळवार

सामान बांधायला घेतलं. गेटची कोठी रिकामी करून किल्ली द्यायची म्हणून आत गेले. मी तिथे फारशी कधी गेले नव्हते. ग्रीसचा डबा, पहार, पेंढ्या, त्यांचं मेणकापड. मेणकापड खुंटीवरून काढलं.

मागची भिंत कोळशाने लिहिलेली आहे. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत.

खाली आकडे. दोन उलटा, पाच उलटा, मग सुलटे. त्यावर "सकाळ", "सांज", "गेट", "पाणी". एकेक शब्द वीस-वीस वेळा. जुन्या गेजवहीचं एक सुटं पान खिळ्याला लावलेलं, माझ्या अक्षराचं. त्यावरूनच काढलं आहे. प्रत्येक शब्दावर रेघ. त्यांना काय माहीत, गुजरातीत ती नसते? त्यांच्यापुढे माझंच अक्षर होतं.

सर्वात वर, खोडून खोडून, हे:

"२ मे. सांज ५. गेज ५.१. गेट पूर्ण. शेरा: रघुनाथ हस्ते साहेबाचा हुकूम. बांध कच्चा सांगितलं."

शेऱ्याचा रकाना उजवीकडे असतो. एकोणतीस वर्षं मी तो भरला. त्यावर साहेबांचा पंजा होता आणि मी अंगठीचा खडा बघत बसले.

ती नोंद यांचीच होती. या माणसाने जन्मात एकच नोंद लिहिली, ती खरी लिहिली, आणि मी सही करून ती खोटी ठरवली.

मला सांगितलं का नाही? काय लाज होती माझ्यापाशी? काळ्या बोटांवरून, कोळशावरून मी रोज बोलत होते, तेव्हा एक शब्द बोलता आला नाही? मी भिंतीशी मोठ्याने भांडले. बाहेर कोणी ऐकलं असेल तर ऐको.

७ जून

एकटीच ऑफिसात गेले. आज चहा नाही. उभीच होते.

सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेन, भिंतीवर कोणीही लिहितं. त्याला अक्षर येत नव्हतं, हे तुम्हीच लिहून दिलंय. आणि वरच्या रेघेचं अक्षर कोणाचं, हेही तुम्हीच सांगितलं, नाही का? मी म्हटलं की भिंत तुम्हीच रंगवली, तर?"

मी म्हटलं, "तुम्ही पंजा मुद्दाम ठेवला होता."

"कसला पंजा?"

कारकून खाली मान घालून टाचणी लावत होता. बराच वेळ एकच टाचणी.

साहेब म्हणाले, "सोमवारी कोठीला चुना मारायला माणसं येतील. नव्या माणसाला स्वच्छ मिळायला हवी."

तीन वर्षं पाझरणाऱ्या बांधाला मातीची एक पाटी मिळाली नाही. चुना पाच दिवसांत मिळतो.

८ जून

बांधाने तीन मैल चालत चौथ्या मैलाला गेले. बाभळीजवळ वाळूची पोती रचली आहेत, त्यावरूनच गेले. रघुनाथ गेटला ग्रीस लावत होता. मला पाहून उठला नाही.

"हुकूम तू आणलास?" मी विचारलं.

"आणला वहिनी. फोन माझ्याच चौकीवर आहे. साहेब म्हणाले मिलचे पंप कोरडे आहेत, पूर्ण सोड. मी सायकलवर जाऊन दादाला सांगितलं. दादा म्हणाला बांध धरणार नाही. मी परत येऊन फोनवर ते सांगितलं. साहेबांनी शिवी दिली. मी पुन्हा गेलो." त्याने हात चिंधीला पुसले. "मग दादा म्हणाला, थांब, लिखस. मला हसू आलं. म्हटलं, तू अन् लिखशी? तो म्हणाला, हसू नको, अगोदर भिंतवर लिखस, मंग वहीमा. कितीतरी वेळ लावला. जीभ बाहेर काढून लिहीत होता."

मी गेटच्या कठड्याला टेकले.

"तुमच्याबद्दल म्हणाला, शोभाले सांगू नको. जयश्रीनं बाळंतपण ई ऱ्हायनं, तवलोंग हात बशी जाई, मंग मीच दाखाडसू. तोवर हात बसला की तुम्हाला लेकीकडे निवांत राहता येईल, असं त्याच्या मनात होतं."

"हे चौकशीत का नाही सांगितलंस?"

"वहिनी, माझी दोन वर्षं राहिलीत."

"त्यांची किती राहिली होती?"

चौदा महिने राहिले होते, त्यालाही ठाऊक आहे.

"मी तुम्हाला म्हटलं होतं ना, वही हातात घेऊन वाचा."

"हातात घेऊन वाच म्हणालास. त्यात काय आहे, ते नाही म्हणालास. माझं जेवलास आणि तेवढंच बोललास."

तो रडायला लागला. मला दया आली नाही. आली असती तर बरं झालं असतं, पण आली नाही. तसं लिहिते. म्हटलं, "कोठीत ये. भिंतीवर त्या ओळीखाली सही कर." तो म्हणाला, येतो.

९ जून

सुरतच्या मोठ्या ऑफिसला अर्ज लिहिला, साडेतीन पानं, रजिस्टर पोस्टाने टाकला. वही मी लिहीत होते, हे लिहिलं. माझे मालक लिहायला शिकले होते, ते मला माहीत नव्हतं, तेही लिहिलं. माझा जबाब चुकीचा, तो अज्ञानाने दिला, वही उघडून शेऱ्याचा रकाना वाचावा, भिंत पाहिल्याशिवाय चुना मारू नये. साक्षीदार म्हणून रघुनाथचं नाव घातलं. त्याला विचारलं नाही.

पोस्टातला माणूस म्हणाला, "मावशी, सोमवारपर्यंत पोचणार नाही." तरी टाकला.

रघुनाथ आला नाही.

११ जून, रविवार

रघुनाथ कालही आला नाही. उद्या चुनावाले येतील. नितीन टेम्पो घेऊन दहाला येणार आहे. जयश्रीचा निरोप आहे की आता तिथेच राहायचं, आठवा लागला आहे.

काल भिंतीवरची वरची ओळ या वहीत मागच्या पानावर जशीच्या तशी उतरवून घेतली. खोडलेलं खोडलेल्यासारखं, वाकडं वाकडं. माझा हात सरळ जायला बघतो, त्याला आवरावं लागलं. डाह्याभाईंना बोलावून भिंत आणि पान दोन्ही दाखवलं. त्यांनी पानाखाली सही केली आणि तारीख घातली. सरकारात ती चालेल की नाही, त्यांना माहीत नाही, मलाही नाही. सहा वेळा करावा लागला तर सहा वेळा अर्ज करीन.

आज सकाळी उसाच्या पाळीचं पाणी चालू होतं. नवा माणूस अजून आलेला नाही, महिनाभर गेज कोणी पाहिलेलं नाही. चपला वर ठेवून गेटच्या पायऱ्या उतरले. पट्टीवर शेवाळ चढून आकडे दिसत नव्हते. काथ्याने घासले. हाताने पाणी ढवळलं गेलं होतं, ते शांत होईपर्यंत पायरीवर थांबले.

सकाळ ६. गेज ३.४.